टिकवायचं काय आणि सोडायचं काय? दख्खनच्या भूजलाच्या निमित्ताने

खडकमाळ

'शाश्वत विकास' म्हटलं की सगळ्यांच्या माना एका लयीत डोलतात. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्या तर शाळेच्या पुस्तकातही आली: आजच्या गरजा भागवा, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत असं काही करू नका. हिला विरोध करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि मला शंका येते ती नेमकी त्यामुळेच. पुढची पिढी भांडायला येत नाही. बांधापलीकडचा शेजारी येतो, कारण पाणी आधी त्याच्या विहिरीतलं आटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे शाश्वततेच्या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंचसं 'चाललंय तेच आणखी दहा वर्षं कसं रेटायचं' याचं तंत्र असतं. काय थांबवायचं, कुणी थांबवायचं, नुकसान कुणी सोसायचं, हे प्रश्न त्यात येतच नाहीत. पृथ्वीच्या पातळीवर बोलायला लागलो की सगळं हवेत जातं, म्हणून मी जमिनीखाली जातो.

महाराष्ट्राचं ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर आहे. वर माती, मग मुरूम, कुजका खडक, खाली कातळ. पावसाचं पाणी मुरतं ते मुख्यतः वरच्या चाळीस-साठ फुटांत. जुन्या विहिरी त्या खोलीच्या होत्या त्या उगाच नव्हे. त्याखाली पाणी मिळतं ते फटींमधून, थरांच्या सांध्यांमधून. ते साठायला खूप काळ लागलेला असतो आणि ते उपसायला एक उन्हाळा पुरतो. बोअरची गाडी पाचशे, सातशे फूट जाते तेव्हा माणूस व्याज संपवून मुद्दलात हात घालत असतो.

आता आपले शाश्वत उपाय बघा. ठिबक घ्या. मोकाट पाणी दिलं तर निम्मं वाया जातं म्हणतात. पण त्या वाया गेलेल्यातलं काही मुरून परत त्याच विहिरीत यायचं. ठिबकवर ते येत नाही. ठीक आहे, उपसा तेवढाच कमी झाला तर हिशोब जुळला. पण होतं काय, दोन एकराचं पाणी चार एकराला पुरतं म्हटल्यावर चार एकर लागवड होते. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं: इंजिनं कमी कोळशात चालायला लागली की देशाचा कोळसा कमी जळत नाही, जास्त जळतो.

दुसरं शेततळं. मूळ कल्पना चांगली, शिवारातलं वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत पन्नास हजारांपर्यंत अनुदान होतं. पण अहिल्यानगर, नाशिक, जालना या पट्ट्यात फिरून बघा, तळी डोंगराच्या पायथ्याशी नाहीत, विहिरीच्या बाजूला आहेत, बऱ्याचदा आजूबाजूच्या रानापेक्षा उंचावर. पावसाचं पाणी तिथे चढून जाणार कसं? आत काळा प्लास्टिकचा कागद, कडेनं तारेचं कुंपण, पडलेल्या माणसाला धरायला गाठी मारलेला दोर आणि एखादी टायरची ट्यूब. दिवाळीनंतर मोटर सुरू करायची आणि खालचं पाणी वर आणून साठवायचं. जो आधी उपसेल त्याचं. खाली होतं तोवर सगळ्या शिवाराचं, कागदावर आलं की सातबारावाल्याचं. मे महिन्यात एका बाजूला हिरवंगार भरलेलं तळं आणि दोनशे पावलांवर टँकरची वाट बघणारे हंडे, हे चित्र ज्यानं पाहिलं नाही त्यानं मराठवाड्यात एक चक्कर मारावी.

याच्या उलट दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यातला नेमका भाग आपण विसरतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम: पाणी जमिनीच्या नव्हे तर माणशी हिशोबानं, डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस बंद. दुसरं हिवरे बाजार. पाऊस सरासरी चारशे मिमीच्या आसपास. तिथल्या बंधाऱ्यांचे आणि चरांचे फोटो सगळे टाकतात. पण शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि यंदा किती पाऊस पडला ते मोजून रब्बीला काय घ्यायचं ते गावानं ठरवायचं, या नियमांचा फोटो येत नाही. बंधाऱ्यानं पाणी मुरवलं, ते राहिलं या नियमांमुळे.

तर माझा प्रश्न: तुमच्या गावात, सोसायटीत, धंद्यात 'हे आपण करायचं नाही' असं ठरलेलं आणि पाळलं गेलेलं काही आहे का? सोलर पॅनेल नि कापडी पिशव्या सोडून लिहा.

---

सुपेकर

वाचनखूण साठवली. पाणी पंचायतीवर स्वतंत्र धागा होऊन जाऊ द्या.

---

आंबेबहार

लेख वाचला. आता ज्याच्याकडे कागदाचं शेततळं आहे त्याचं ऐका.

मी सांगोल्याकडचा, डाळिंबवाला. आमच्याकडे पाऊस म्हणजे देवाची मर्जी. डाळिंबाला ताण देता येतो, बहार धरण्यासाठी द्यावाच लागतो. पण एकदा पाणी सोडलं की खंड चालत नाही, फळ तडकतं. तडकलेलं फळ व्यापारी हातात घेत नाही. २०१८ च्या दुष्काळात बाग जगली ती फक्त शेततळ्यावर. नंतर पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किड्यानं झाडंच वाळवली, निम्मा तालुका बागा उपटून मोकळा झाला, ती वेगळी कथा. कर्ज मात्र उपटता येत नाही.

मी तळं भरलं नाही तर पाणी खाली राहील असं तुम्हाला वाटतं? शेजारचा ओढून घेईल. त्याची मोटर साडेसात एचपीची आहे, माझी पाचची. मी एकट्यानं साधू व्हायचं का? 'सोडा' म्हणायला सोपं आहे हो. ज्याचं उत्पन्न पगारातून येतं तो काय सोडतो ते आधी कळू द्या.

---

मुळाकाठ

थोडा हिशोब. ३० × ३० × ३ मीटरचं तळं, बाजूचा उतार एकास एक धरला तर २१९६ घनमीटर, म्हणजे साधारण २२ लाख लिटर. फेब्रुवारी ते मे उघड्या पाण्यावरून रोज सात-आठ मिमी उडतं असं धरा, एप्रिल-मेत त्याहून जास्तच. चार महिन्यांत जवळजवळ ९० सेंमी. पाणी उतरेल तसा पृष्ठभागही कमी होतो, ते वजा केलं तरी सहा लाख लिटरच्या पुढे हवेत. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि त्यातला पाव हिस्सा उन्हाला द्यायचा.

आंबेबहार यांचा राग समजतो. पण साडेसात आणि पाच एचपीचा जो मुद्दा त्यांनी मांडला, तोच तर धाग्याचा विषय आहे.

---

खडकमाळ

@आंबेबहार, तुम्ही एकट्यानं साधू व्हावं असं मी म्हणत नाही. एकट्यानं सोडलं तर ते वायाच जातं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. पाणी पंचायतीत उसाला बंदी चालली ती सगळ्यांना एकदम होती म्हणून, आणि पाणी उचलण्याच्या योजनेत प्रत्येकाचा २० टक्के खर्चाचा वाटा होता म्हणून. शाश्वततेचं आपलं सगळं शिक्षण मात्र एकेकट्या माणसाला उद्देशून असतं. नळ बंद करा, बादलीनं आंघोळ करा.

पगारवाले काय सोडतात, हा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याला शोभेसं उत्तर नाही.

---

टवाळ

आमच्या शेजारी टॉवर होतोय. जाहिरातीत 'शाश्वत जीवनशैली', तीन जलतरण तलाव आणि 'निसर्गाच्या कुशीत'. कुशीत बोअर सुरू आहे, काल रात्री दीडपर्यंत गाडी चालू होती.

---

हार्झवासी

मी उत्तर जर्मनीत राहते, हार्झ डोंगरापासून जवळ. या कल्पनेचा जन्म इकडचाच, म्हणून लिहिते.

सॅक्सनीतल्या फ्रायबर्गला चांदीच्या खाणी होत्या. धातू गाळायच्या भट्ट्यांना लाकूड लागे, जंगलं संपत आली. तिथल्या खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स यानं १७१३ साली ग्रंथ लिहून नियम मांडला: जितकं वाढतं तितकंच तोडा. जंगलाच्या प्रेमानं नव्हे, भट्ट्या बंद पडू नयेत म्हणून. पुढे या नियमावर जर्मन वनशास्त्र उभं राहिलं, आणि वाढ मोजायला सोपी जावी म्हणून मिश्र जंगलाच्या जागी एकाच वयाच्या स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या रांगा आल्या. कागदावर उत्पन्न अगदी चोख.

२०१८ पासून लागोपाठ कोरडे उन्हाळे आले. स्प्रूसची मुळं उथळ, झाडं तहानली, आणि सालीखालच्या किड्यानं उरलेलं काम केलं. ब्रोकन शिखराकडे जाताना आता डोंगरच्या डोंगर करड्या खुंटांचे आहेत. 'वाढेल तेवढंच तोडा' हा नियम इथे कुणी मोडला नव्हता. वाढीचा दर उद्याही तोच राहील, हे गृहीतक मोडलं.

२००९ मध्ये शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या नऊ मर्यादा मांडल्या, ज्यापलीकडे जाणं धोक्याचं. २०२३ च्या मूल्यमापनात त्यातल्या सहा ओलांडल्याचं निघालं, गोड्या पाण्याचीही त्यात आहे. अशा काळात 'आहे त्या पातळीवर टिकवा' म्हणजे कुठल्या पातळीवर? म्हणून मला हिवरे बाजारचा नियम जास्त आधुनिक वाटतो. ते सरासरीवर चालत नाहीत. यंदाचा पाऊस, यंदाचं पीक.

---

रानवाटसरू

हार्झवासी यांच्या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या जंगलात आहे. १८६४ साली इंग्रजांनी हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक नेमला तो डिट्रिख ब्रँडिस, बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याआधी ब्रह्मदेशात पेगूच्या सागवानाचा हिशोब त्यानंच बसवला होता. 'वाढीइतकीच तोड' हे शास्त्र त्या वाटेनं आलं, आणि गावकऱ्यांचे जंगलावरचे हक्क १८७८ च्या कायद्यानं गेले. जंगल टिकवायचं होतं ते रेल्वेच्या स्लीपरांसाठी. स्वातंत्र्यानंतर आपण तेच पुढे नेलं. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ झालं आणि विदर्भातलं मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची लागवड झाली. सागाखाली मोह नाही, चारोळी नाही, तेंदू नाही. नकाशावर मात्र हिरवा रंग तसाच.

आता खडकमाळ यांच्या प्रश्नाचं उत्तर. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू विकायचा अधिकारही. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. पण मला जास्त सांगायचंय ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाबद्दल. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. उन्हाळ्यात गडचिरोली-चंद्रपुरात हातात रोकड येते ती तेंदूवरच, हे ज्याला माहीत आहे त्याला या निर्णयाचं वजन कळेल. कारण त्यांनीच दिलेलं: चांगली पानं फुटावीत म्हणून झाडं छाटतात, जंगलात आग लावतात, आणि तेंदूचं फळ ना पाखरांना मिळतं ना माणसांना. कमाई बांबूवर करायची ठरली, आणि काही जंगल देवराई म्हणून राखलं.

हक्क हाती असल्याशिवाय सोडता येत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं काय सोडायचं?

---

निशिगंध

चर्चा छान, पण आदर्श गावांच्या आरतीत मला एक खडा टाकायचा आहे. राळेगणसिद्धी काय, हिवरे बाजार काय, गावानं पाळायच्या पाच नियमांत, पंचसूत्रीत, कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी आहे. डोंगरावर मोकाट चराई बंद. ज्याच्याकडे पाच एकर आहे तो बांधावरचा चारा आणून गोठ्यात गाय पोसेल. जिच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत, ती काय करेल? धनगराच्या मेंढ्या कुठे जातील? मर्यादा घालायची म्हटल्यावर ती पहिल्यांदा कुणावर पडते ते बघा: शेळीवर. बोअरवर शेवटी, उसावर तर बहुतेक गावांत पडतच नाही.

पाणी पंचायतीत भूमिहीनाला वाटा होता, म्हणून मी ती वेगळी मानते. तिथे आधी वाटप ठरलं, मग मर्यादा. बाकी ठिकाणी आधी मर्यादा आणि वाटपाचं नंतर बघू.

---

रानवाटसरू

+१. गवत वाढल्यावर हिवरे बाजारात दूध वाढलं हे खरं, पण ते गाईचं.

---

कलम_सात

कायद्याचं कुणीच काढलं नाही म्हणून. १९९३ पासून राज्यात नियम आहे की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला, त्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. आता आपापल्या गावातल्या बोअरची खोली आठवा.

गाडीवाला फुटावर पैसे घेतो. त्याला दोनशेला थांबवणारा माणूस कोण? तलाठी? तोच पाणाड्याला घेऊन स्वतःच्या रानात नारळ फिरवत असतो.

---

मुळाकाठ

इथेनॉलचं राहिलंच. उसाला १५०० ते २५०० मिमी पाणी लागतं. राज्यातलं हे पीक जमिनीचा चार-पाच टक्के भाग घेतं आणि सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते लातूरला, जिथे साखर कारखाने होते. आता त्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं की ते हरित इंधन. गाडीच्या धुराचा हिशोब होतो, विहिरीचा होत नाही. २०२३ मध्ये पाऊस ओढला तेव्हा डिसेंबरात केंद्राला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणावे लागले, तेव्हा दोन दिवस लोकांना आठवलं की हे इंधन पावसावर चालतं.

शेतकऱ्याला दोष देत नाही. उसाला कायद्यानं दर ठरलेला आहे, कारखाना उचलतो. तुरीला, ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, उचलणारा कोण?

---

आंबेबहार

हे शेवटचं वाक्य छापून तहसीलच्या भिंतीवर लावा.

निशिगंधताई आणि रानवाटसरू यांचं पटलं. वाटा ठरवा, मग मर्यादा सांगा, मी ग्रामसभेत पहिला हात वर करतो. पण मग वाटा ठरवताना पुणं-मुंबईही त्याच पंगतीत बसलं पाहिजे. उजनी धरण पुण्याच्या कुठल्या पाण्यानं भरतं हे आम्हाला नाकानं कळतं.

---

टवाळ

पुरंदरलाही कळतं. साळुंख्यांच्या त्याच तालुक्यात आता उपसा सिंचन योजनेचं पाणी येतं ते मुळा-मुठेतून उचललेलं. पुण्याचं सांडपाणी, पुरंदरचा वाटाणा, पुन्हा पुण्याची मंडई. याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात म्हणे.

---

कोथरूडकर

पुण्यात राहतो, त्यामुळे उत्तर द्यायला हवं. खडकवासल्यातून शहर मंजुरीपेक्षा जास्त पाणी उचलतं, हा पाटबंधारे आणि महापालिकेचा वाद दर उन्हाळ्यात पेपरात असतो. आम्ही तो कपातीची बातमी म्हणून वाचतो: गुरुवारी पाणी येणार की नाही. दौंड-इंदापूरच्या शेतीला कालव्यानं सुटणारं आवर्तन त्यात अडकलेलं असतं हे त्या बातमीत चौथ्या परिच्छेदात.

आमच्या सोसायटीत फ्लॅटला मीटर बसवायचा ठराव आला होता. पडला. विरोध सगळ्यात जास्त ज्यांच्याकडे टेरेस गार्डन आहे त्यांचा. त्यांचं म्हणणं, आम्ही तर पर्यावरणासाठीच करतोय.

---

हार्झवासी

टेरेस गार्डन!! :))

---

सुपेकर

आमच्या ग्रामपंचायतीत केंद्राच्या अटल भूजल योजनेत पाण्याचा ताळेबंद करायचा म्हणून तक्ता आला होता. तो भरतात कसा कुणी सांगेल का? आमच्याकडे तो भिंतीवर रंगवून ठेवलाय, आकडे कुठून आले कुणाला माहीत नाही.

---

खडकमाळ

@सुपेकर, गणित अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिमी पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्रफळ गुणिले यंदाचा पाऊस ही एकूण आवक. त्यातलं बरंच उडून जातं, काही ओढ्यानं जातं, मुरतं ते थोडं. त्यासाठी तुमच्या जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारा, प्रत्येक खडकाचं प्रमाण वेगळं. खर्चाच्या बाजूला माणसं, जनावरं, मग पिकं, एकर गुणिले पाण्याची गरज. पावसाचा आकडा महसूल मंडलाचा घेऊ नका, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक लावा, मुलं रोज सकाळी लिहितात. आणि ऑक्टोबरात बसा, पेरणी झाल्यावर ताळेबंद मांडून उपयोग नाही.

विहिरींची पातळीही घ्या. दोरीला दगड बांधून मोजली तरी चालते, फक्त मोटर बंद असताना, त्याच त्या विहिरी, दर महिन्याला.

---

आंबेबहार

एक शंका. आमच्याकडे दोघा-तिघांचा टँकरचा धंदा आहे. बोअरमधून भरतात, हॉटेलला आणि बांधकामाला विकतात. ते पाणी कुठल्या रकान्यात धरायचं?

---

खडकमाळ

खर्चाच्या. आणि कुणी विकलं त्याचं नावही पुढे लिहा.

---

आंबेबहार

नाव लिहिणारा ग्रामसेवक तुम्ही पाठवा. आमच्या सरपंचाचाच टँकर आहे.